किट कारमधले पाईप, वायरी आणि केबली: एवढ्या क्लिपा मारायच्या कशासाठी?

किट कार बनवतानाचे व्हिडिओ हल्ली बरेच जण बघतात आणि त्याखाली एक प्रश्न हमखास असतो, की इंजिन तर दोन दिवसांत बसवलं या माणसाने, मग नुसते पाईप नि वायरी चासीला अडकवण्यात आठवडे कसले घालवतोय? बाहेरून बघणाऱ्याला ते काम फर्निचर झाल्यावर बिजागऱ्या आवळत बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात घरी बनवलेली गाडी पुढे नीट चालणार की रस्त्यात दगा देणार, हे बऱ्याच अंशी याच कामात ठरतं. ते का, हे जरा सविस्तर बघू.

किट कार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चासी, बॉडीचे पत्रे किंवा फायबरचे भाग, सस्पेन्शन असं सगळं सुटं विकत घ्यायचं, इंजिन-गिअरबॉक्स बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं आणि स्वतः जोडायचं. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन हे यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, तिच्या चालीवर आजही कितीतरी किट निघतात. पण किटच्या खोक्यात सहसा काय नसतं, तर कुठला पाईप नेमका कुठून न्यायचा आणि कुठे धरायचा याचा मिलिमीटरपर्यंतचा नकाशा. ते बनवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आधी गाडीतून काय काय पळतं ते बघू

एक, ब्रेकचे पाईप. पेडलपासून चारही चाकांपर्यंत ब्रेक ऑईल नेणारे धातूचे बारीक पाईप, बाहेरून जेमतेम ४.७५ मिमी जाड. दोन, पेट्रोलची लाईन, टाकीपासून इंजिनपर्यंत, आणि बऱ्याच गाड्यांत उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारी दुसरी लाईन. तीन, विजेच्या वायरी, ज्यात बॅटरीपासून स्टार्टरला जाणारी जाडजूड केबलही आली. आणि चार, ओढून काम करणाऱ्या केबली, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर, क्लच, हँडब्रेक.

या चौघांचं दुखणं वेगवेगळं आहे, म्हणून चौघांना एकाच पद्धतीने बांधून टाकणं हीच पहिली चूक होते. ब्रेक पाईप हलता कामा नये. पेट्रोलची लाईन गरम होता कामा नये. वायर घासता कामा नये. आणि ओढायची केबल? तिला हलावंच लागतं, तिचं अडकणं हाच धोका.

पाईप दाबाने फुटत नाही, हलून तुटतो

ब्रेक पाईपात दाब किती येतो याचा साधा हिशेब करू. पायाने पेडलवर ४० किलोचा जोर दिला, पेडलची लिव्हर पाचपट आहे, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २०० किलो पडले. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या जोराचं ऑईलच्या दाबात रूपांतर करणारा भाग. तो १९ मिमी व्यासाचा असला तर त्याचं तोंड भरतं साधारण २.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ऑईलवर दाब आला चौरस सेंटिमीटरला ७० किलो, जवळपास ७० बार. टायरमध्ये आपण दोनेक बार हवा भरतो, त्याच्या ३५ पट.

ऐकायला भयंकर वाटतं, पण चांगला ब्रेक पाईप याच्या कित्येक पट दाब सहज सोसतो, त्यामुळे धड असलेला पाईप नुसत्या दाबाने फुटला असं सहसा घडत नाही. घडतं ते असं, की पाईप कुठेतरी मोकळा लोंबकळतोय, इंजिनच्या आणि रस्त्याच्या थरथरीने तो रोज हजारो वेळा किंचित किंचित वाकतो, आणि एक दिवस जिथे वाकणं सगळ्यात जास्त साठतं तिथे, म्हणजे बहुतेक वेळा शेवटच्या नटच्या तोंडाशी, बारीक चीर जाते. बाइंडिंग वायर पुढेमागे वाकवून तोडतात तोच प्रकार, फक्त इथे वाकणं डोळ्याला दिसत नाही. यालाच धातूचं थकणं म्हणतात. तांब्याचा पाईप हाताने छान वळतो पण थरथरीने लवकर कडक होतो आणि मग तडकतो, म्हणून आता तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे पाईप वापरतात, साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. वळायला सोपे, गंजत नाहीत, थकतातही कमी. पण मोकळे सोडले तर शेवटी तेही थकतात, धातू बदलला म्हणून क्लिपा कमी करायची सवलत काही मिळत नाही.

दुसरा मृत्यू घासून. पाईप चासीच्या कडेला नुसता टेकलाय, प्रत्येक खड्ड्याला अर्धा मिलिमीटर सरकतोय. त्याची भिंत असते किती, सुमारे ०.७ मिमी. कानशीने कोणी रोज एक हात मारावा तसं ते चालू राहतं, आणि पेडलच्या एका दाबात सरकणारं ऑईल मुळातच काही मिलिलिटर असतं, त्यामुळे सुईएवढं छिद्रही पुरे होतं. हल्ली ब्रेकचे दोन वेगळे सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं उरावं म्हणून. पण ते दोन्ही पाईप शेजारीशेजारी एकाच कडेवर घासत ठेवले तर त्या दोन सर्किटांचा उपयोग काय?

३०० मिलिमीटर हा आकडा कुठून आला

किट कारवाल्यांच्या तोंडी हा आकडा सतत असतो, दर ३०० मिमीला एक क्लिप. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते, तिच्यात वायरींना निदान दर ३०० मिमीवर आधार लागतो, वायर एखाद्या पक्क्या बसवलेल्या पोकळ भागातून जात असेल तर सूट. बनवणारे तोच आकडा पाईपांनाही लावतात, आणि त्यामागे चांगलं कारण आहे.

शाळेत स्टीलची पट्टी बाकाच्या कडेवर दाबून टिचकी मारायचो ते आठवा. पट्टी जास्त बाहेर काढली की हळूहळू आणि मोठ्ठी हलायची, आत ओढली की बारीक आवाज करून झर्रकन थरथरायची. पाईपचंही तसंच, दोन क्लिपांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढा तो संथ आणि मोठा झोका घेतो. अंतर निम्मं केलं की थरथरण्याचा वेग चौपट होतो, आणि तेवढ्याच धक्क्याने तो जेवढा वाकायचा ते वाकणं सोळाव्या हिश्शावर येतं. सोळावा हिस्सा, नुसती एक क्लिप मध्ये वाढवून!

आता इंजिनकडे बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ९०० आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला ३० धक्के, ३००० ला १००, ६००० ला २००. स्टीलचा ब्रेक पाईप ६०० मिमी मोकळा ठेवला तर ढोबळ हिशेबाने तो स्वतःहून सेकंदाला ३० ते ७० वेळा थरथरतो, क्लिपा किती घट्ट धरतात त्यावर अवलंबून. म्हणजे तो नेमका आयडलिंग आणि संथ चालवण्याच्या टप्प्यात येऊन बसला, इंजिन त्याला बरोब्बर तालात ढकलत राहणार, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढतच जातो तसं, आणि सिग्नलला उभी असतानासुद्धा गाडी आपला पाईप थकवत राहणार. ३०० मिमीला हाच आकडा १२० ते २७५ च्या आसपास जातो. म्हणजे आयडलिंगच्या तावडीतून सुटला, आणि वरच्या रेसला थरथरलाच तरी वाकणं अगदी थोडं. तेव्हा ३०० ला काही जादू नाही, ती एक समंजस मर्यादा आहे. जॉईंटच्या जवळ, वळणाच्या आधी-नंतर आणि इंजिनजवळच्या भागात मी तरी १५० च्या वर जाऊ देणार नाही.

क्लिप म्हणजे कुठली क्लिप

इंग्रजी पी अक्षरासारखी दिसणारी, आतून रबर लावलेली पट्टी, तिला पी-क्लिप म्हणतात. वर्तुळात पाईप, शेपटीला भोक, त्या भोकातून रिव्हेट किंवा ५ मिमीचा बोल्ट. दिसायला एवढुशी, पण माप चुकलं की सगळं वाया. ४.७५ च्या पाईपाला ८ ची क्लिप लावली तर पाईप आत खुळखुळतो, आणि मग क्लिपच पाईपाला घासायला लागते. लहान क्लिप ताणून बसवली तर रबर सरकून बाहेर येतं आणि पत्र्याची कड पाईपाला लागते. योग्य क्लिपमध्ये पाईप धरून बोटाने फिरवायला गेलं तर जड जातो, पण पाईपावर चेपल्याचा व्रण मात्र राहत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी फोटोत कधी दिसत नाही. रिव्हेट मारला की पत्र्याच्या पलीकडे त्याचा फुगलेला शेंडा तीन-चार मिलिमीटर बाहेर येतो, आणि सेल्फ टॅपिंग स्क्रू वापरला तर पलीकडे सरळ टोकच. इकडून तुम्ही ब्रेक पाईप छान बसवला आणि पलीकडून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात ते टोक घुसलं! म्हणून भोक पाडायच्या आधी पलीकडे हात घालून बघायचं, आणि पलीकडे नंतर काय येणार आहे तेही डोक्यात ठेवायचं. ज्या भागात टोक उघडं राहणार तिथे बंद तोंडाचे रिव्हेट किंवा बोल्ट-नट बरे.

तांब्याच्या मिश्रधातूचा पाईप उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला टेकू द्यायचा नाही. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओलावा, की अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात. रबर लावलेली क्लिप पाईपाला पत्र्यापासून थोडं वर उचलून धरते, त्यामुळे हे काम आपोआप होतं. काही जण घासू नये म्हणून पाईपावर चिरलेली रबराची नळी चढवतात, ती दिसते नीट पण आत पाणी धरून ठेवते, स्टीलच्या पाईपाला तर ते मारकच.

"झिप टाय आहेत की, पाच मिनिटांत काम!"

झिप टाय वाईट नाहीत, पण त्यांची जागा ठरलेली आहे. वायरींचं जुडगं एकत्र ठेवायला उत्तम. पण ब्रेक किंवा पेट्रोलच्या पाईपाचा एकमेव आधार म्हणून नको. साधा टाय नायलॉनचा असतो, सतत ८५ डिग्री सेल्सिअसपर्यंतचं तापमान तो झेलतो, आणि इंजिनच्या आसपास याच्या वर जायला वेळ लागत नाही. उन्हात पांढरे टाय ठिसूळ होतात, काळे जरा जास्त टिकतात कारण त्यात कार्बन घातलेला असतो. शिवाय टाय पाईपाला चासीवर आवळून धरतो, म्हणजे ज्या पत्र्यापासून पाईप लांब हवा त्याच पत्र्याला तो चिकटवून टाकतो, आणि थोडा सैल झाला की घासणं चालू.

आणि कापलेला शेंडा तिरका ठेवला तर तो ब्लेडसारखा असतो, नंतर आत हात घालणाऱ्याचं मनगट चांगलंच ओरबाडलं जातं. पक्कड लावून टायच्या डोक्याला लागून सपाट कापा.

पेट्रोलच्या लाईनपाशी जरा जास्त थांबू

ब्रेक पाईप गेला तर गाडी थांबत नाही, पेट्रोलची लाईन गेली तर गाडीच राहत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब नगण्य असतो, पाव-अर्धा बार. पण इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत तो साधारण ३ बार, त्यामुळे छिद्र पडलं तर पेट्रोल थेंब थेंब गळत नाही, बारीक फवारा उडतो आणि पंप चालू आहे तोवर उडत राहतो. म्हणून अपघातात धक्का बसताच पंप बंद करणारा स्विच किट कारमध्येही लावावाच.

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली साचते. किट कारच्या मधल्या बोगद्यात, म्हणजे दोन सीटांच्या मधून लांबीने जाणाऱ्या पोकळीत, किंवा सीटखालच्या खोलगट भागात ती बसून राहिली आणि शेजारून वायर जाते, तर पुढचं सांगायला नको. म्हणून पेट्रोलची लाईन आणि वायरी शक्यतो बोगद्याच्या दोन बाजूंनी न्यायच्या, आणि एकाच बाजूने न्याव्या लागल्या तर वायरी वर, पेट्रोल खाली, म्हणजे गळती झाली तरी वायरींवर ठिबकणार नाही. माणसं बसतात त्या भागातून लाईन न्यायचीच नाही, इलाजच नसला तर सलग धातूच्या पाईपातून, मध्ये एकही जॉईंट न ठेवता.

मग उष्णता. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतात. लाईन सायलेन्सरच्या पाईपाजवळून गेली तर आत बुडबुडे होतात, कार्बोरेटरवाली गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड होईपर्यंत चालू होत नाही, आणि मालक बिचारा प्लग बदलत बसतो. ब्रेक ऑईललाही उष्णता बाधते. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ, वाफ दबते, पेडल तळाला. तेव्हा दोन्ही पाईप सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, आणि जागाच नसेल तर मध्ये पत्र्याची आड.

जिथे धातूची लाईन संपून रबरी नळी चालू होते तो सांधा नीट बघा. धातूच्या पाईपाचं टोक गुळगुळीत सरळ असेल तर नळी कितीही आवळा, गरम-थंड होऊन ती हळूहळू निसटते. टोकाला किंचित फुगवटा काढावा लागतो, नळी त्यापलीकडे चढवायची आणि क्लॅम्प फुगवट्याच्या मागे. क्लॅम्पही खाचा असलेला नको, त्या खाचा रबर कापतात, कडा गोल वळवलेला इंजेक्शनचा क्लॅम्प मिळतो तो घ्या. नळीवर काय छापलंय तेही वाचा. आर६ लिहिलेली नळी कमी दाबासाठी, आर९ इंजेक्शनसाठी आणि तिच्या आतल्या थराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फारसं बाधत नाही. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने कडक होऊन तडकतं, बाहेरून ठीक दिसतं आणि वाकवलं की चिरा दिसतात.

बोगद्याचा विषय निघालाय तर तिथे फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं भान ठेवा. इंजिन ६००० ला आणि गिअर सरळ, म्हणजे इंजिनच्याच वेगाने शाफ्ट फिरवणारा असला तर तो सेकंदाला १०० वेळा फिरतोय. त्याचा जॉईंट तुटला तर तो आत चाबकासारखा फिरतो आणि वाटेत येईल ते कापतो. पाईप बोगद्याच्या कोपऱ्यात, चासीच्या नळीच्या आडोशाला. आणि गाडीच्या खालून न्यायचे झाले तर चासीच्या सगळ्यात खालच्या नळीच्या वर, नाहीतर पहिला स्पीडब्रेकर किंवा जॅकच त्यांचा निकाल लावेल.

वायरींचं भांडण कडांशी

गाडीत चासी हीच बॅटरीची निगेटिव्ह बाजू असते, म्हणजे कुठल्याही चालू वायरीचं प्लास्टिक सोललं आणि तांबं चासीला लागलं की शॉर्ट. लहान वायरींना फ्यूज वाचवतो. बॅटरी ते स्टार्टर ही जाड केबल मात्र बहुतेक वेळा बिनफ्यूजची, आणि बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते, त्यामुळे ती केबल कडेवर सोलली गेली तर किल्ली बंद असतानाही आग लागू शकते. त्या एका केबलीला स्वतंत्र नळकांडं, स्वतंत्र क्लिपा, आणि पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे ग्रोमेट म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबराची रिंग. लेझरने कापलेल्या पत्र्याची कड किती धारदार असते हे एकदा बोट फिरवलं की कळतं, आधी कानशीने ती मारा आणि मग ग्रोमेट बसवा. बाकी वायरी खोबणीच्या प्लास्टिक नळीत घालून ३०० मिमीला एक क्लिप, झालं.

एक गोष्ट क्लिपांची नाही पण तिचा थेट संबंध इथे येतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलेलं. त्याला अर्थिंगची जाड पट्टी जोडायची राहिली तर सेल मारताना लागणारे शंभर-दोनशे अँपिअर दुसरी वाट शोधतात, आणि धातूची वाट म्हणजे अ‍ॅक्सिलेटरची किंवा क्लचची केबल. ती तापून आतलं प्लास्टिक वितळतं, केबल अडकायला लागते, आणि लोक केबल बदलत राहतात. फायबरच्या बॉडीत तर दिवे, हॉर्न यांनाही चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर न्यावी लागते, कारण फायबरमधून वीज वाहत नाही.

ज्यांना हलावंच लागतं त्या केबली

अ‍ॅक्सिलेटर केबल म्हणजे बाहेर न दबणारं वेटोळ्याचं आवरण आणि आत सरकणारी तार. आवरणाची दोन्ही टोकं पक्की हवीत, नाहीतर तार ओढली की आवरणच सरकतं. मधल्या भागात मात्र पकड सैल हवी, वळणांना मोकळीक हवी. वळणाने घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. केबल एकूण १८० अंश वळली तर बऱ्यापैकी गुळगुळीत केबलीतही ओढायला दीडपटीहून जास्त जोर लागतो, ३६० झालं की अडीचपटीच्या पुढे. आणि तेच घर्षण परत येणाऱ्या स्प्रिंगच्याही वाटेत येतं. अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि इंजिनची रेस खालीच येत नाही, यापेक्षा वाईट अनुभव गाडीत थोडेच असतील. म्हणून या केबलीला टायने करकचून बांधायचं नाही, आणि इंजिन रबरावर डुलतं तेवढी ढील तिच्यात ठेवायची.

चाकाजवळची ब्रेकची लवचीक होजही हलणाऱ्यांतलीच. कडक पाईप चासीवरच्या ब्रॅकेटला नटने पक्का संपला पाहिजे, आणि तिथूनच होज सुरू. होजच्या हलण्याचा जोर कडक पाईपाला अजिबात जाणवता कामा नये. तपासायचं असं, की स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. होज कुठेही ताणली जाऊ नये, पिळली जाऊ नये, टायरला शिवू नये. गाडी जमिनीवर उभी असताना सगळं छानच दिसतं, त्यावर जाऊ नका.

"मग सगळीकडे स्टीलची जाळीवाली होजच टाकली तर?"

रेसिंगच्या गाड्यांसारखी दिसते म्हणून अनेकांना मोह होतो. पण लांबच्या लांब होज दाबाखाली कडक पाईपापेक्षा जास्त फुगते, पेडल नरम लागतं. आणि बाहेरची स्टीलची जाळी स्वतःच कानस असते, ती ज्याला टेकेल त्याला खाते, मग ती वायर असो की अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. क्लिपा तिलाही लागतातच, उलट ती लवचीक असल्याने जरा जास्तच. जिथे हालचाल आहे तेवढ्या तुकड्यापुरती ती वापरा.

"कंपनीच्या गाडीखाली तर एवढ्या क्लिपा दिसत नाहीत"

दिसत नाहीत कारण लपलेल्या असतात. कारखान्यात पाईप आधीच साच्यात वळवून येतात, पत्र्यातच त्यांच्यासाठी खोबण दाबलेली असते, आणि एकाच प्लास्टिकच्या होल्डरमध्ये चार-पाच पाईप कट्‌कन बसतात. शिवाय तो मार्ग नमुन्याच्या गाड्या खडतर रस्त्यांवर पळवून, हलवून तपासलेला असतो. तुमची गाडी मात्र एकुलती एक, तिचा नमुनाही तीच. "मी फक्त ट्रॅकवर चालवणार" हाही मुद्दा उलटाच जातो, ट्रॅकवर रेस जास्त, थरथर जास्त, गरमी जास्त.

"एवढी भोकं पाडल्यावर चासी गंजणार नाही का?"

हा आक्षेप मात्र रास्त आहे. चासीच्या नळीला भोक पाडलं की पाणी आत जायला वाट मिळते आणि आतला गंज दिसतही नाही. म्हणून जमेल तिथे नळीऐवजी पत्र्याला भोक, वेल्डिंगच्या सांध्यापासून लांब, भोक पाडल्यावर उघड्या धातूला प्रायमर, आणि बंद तोंडाचा रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून. वायरी आणि पेट्रोल शक्यतो एका बाजूने जात नसल्याने क्लिपा वाटून घेता येत नाहीत हे खरं, पण दोन ब्रेक पाईपांना एक जोडक्लिप चालते, फक्त ते मधे एकमेकांना शिवता कामा नयेत.

हे सगळं बॉडी चढवायच्या आधी करायचं. आधी जाडसर तार वाकवून मार्गाचा नमुना बनवा, मग तो बघून पाईप बेंडरने वळवा. वळणाची त्रिज्या पाईपाच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा लहान नको, नाहीतर पाईप आतून चेपतो.

झालं की तपासायचं कसं

ब्रेकसाठी एकाने पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरायचं, दुसऱ्याने कोरडा टिश्यू पेपर घेऊन एकेक जॉईंट पुसत जायचं. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. पेडल त्या मिनिटात हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. पेट्रोलसाठी इंजिन चालू न करता फक्त पंप चालू करा आणि टाकीपासून एकेक सांधा हाताने चाचपत पुढे या. हे मोकळ्या हवेत, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवून.

मग दोन क्लिपांच्या बरोबर मध्ये बोटाने पाईप दाबून बघा. तो चासीला किंवा शेजारच्या पाईपाला टेकू शकत असेल तर रस्त्यावर तो टेकणारच, तिथे अजून एक क्लिप. पहिल्या दोन-चारशे किलोमीटरनंतर गाडी परत वर घ्या आणि टॉर्च तिरपा धरून सगळा मार्ग बघा. घासणारी जागा स्वतःहून दिसते: धुळकट पाईपावर मधेच एक चकचकीत ठिपका, किंवा अ‍ॅल्युमिनियमवर काळसर भुकटी. असा ठिपका दिसला की तो पुसून सोडून देऊ नका, पाईप किती झिजलाय ते नखाने चाचपा. नख अडकलं तर तो तुकडा बदला, नाही अडकलं तर क्लिप सरकवून पाईप लांब करा, त्या जागेवर पेनने खूण करा आणि पुढच्या वेळी तिथेच आधी बघा.